अवशेषांचे वाचन : मॅलरी-अर्विन शोधसाहित्याची साधनचिकित्सा

प्रास्ताविक

८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूने, सहाव्या कॅम्पवरून, शिखराकडे निघाले आणि परत आले नाहीत. मॅलरीचे वय तेव्हा ३७ वर्षांचे होते, अर्विनचे २२. ते शिखरावर पोहोचून उतरताना मृत्यू पावले की शिखर गाठण्याआधीच, या एका प्रश्नाभोवती गेल्या शंभर वर्षांत मोहिमांचे अहवाल, चरित्रे, शोधकथा आणि चित्रपट यांचे एक स्वतंत्र दालनच उभे राहिले आहे. या दालनातील तीन ग्रंथ प्रस्तुत लेखात विशेषत्वाने विचारात घेतले आहेत. पहिला, नॉर्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला १९२५ चा अधिकृत वृत्तांत 'द फाइट फॉर एव्हरेस्ट १९२४'. दुसरा, योखेन हेम्लेब, लॅरी जॉन्सन व एरिक सायमनसन यांचा 'घोस्ट्स ऑफ एव्हरेस्ट' आणि तिसरा, कॉनरॅड अँकर व डेव्हिड रॉबर्ट्स यांचा 'द लॉस्ट एक्स्प्लोरर'. शेवटचे दोन्ही ग्रंथ मॅलरीचे शव सापडले त्या १९९९ सालीच प्रसिद्ध झाले.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी प्रवासवर्णनांचा अभ्यास केला आहे. गिर्यारोहणाचा अनुभव म्हणाल तर तो सह्याद्रीतल्या गडांपलीकडे गेलेला नाही. तेव्हा ते दोघे शिखरावर पोहोचले किंवा नाही याचा निवाडा येथे करावयाचा नाही. अवशेषांवरून निष्कर्ष काढण्याची या ग्रंथांची रीत कोणती, आणि कोणाचे अवशेष त्यांना 'पुरावा' वाटले, एवढेच तपासावयाचे आहे. मराठीच्या अभ्यासकाला ही तपासणी परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून पाठांची पारख आपल्या परंपरेत आहे, आणि अस्सल कागदावाचून इतिहास नाही हा इतिहासाचार्य राजवाड्यांचा आग्रह तर आपल्या विद्यापीठीय संशोधनाच्या अंगवळणीच पडला आहे. एव्हरेस्टच्या शोधसाहित्याला ही कसोटी क्वचितच लावली गेली. तेथे साधनांपेक्षा प्रश्नच मोठा होऊन बसला.

ओडेलची पायरी

या साऱ्या शोधाचे मूळ साधन ही वस्तू नव्हे, साक्ष आहे. मोहिमेतील भूशास्त्रज्ञ नोएल ओडेल त्या दिवशी एकटाच पाचव्या कॅम्पवरून वर चढत होता. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी क्षणभर ढग फाटले. शिखरधारेवरील एका खडकाळ पायरीपाशी एक काळा ठिपका, त्यामागून दुसरा, वर सरकताना त्याला दिसले, आणि पुन्हा ढग मिटले. मॅलरी आणि अर्विन यांना जिवंत पाहणारा तो शेवटचा माणूस.

ईशान्य धारेवर दोन ठळक पायऱ्या आहेत. पहिली तुलनेने सोपी आणि वळसा घालून टाळता येण्याजोगी. दुसरी सुमारे ३० मीटर उंचीची, माथ्याजवळ जवळजवळ उभा कडा असलेली. ओडेलला ते दोघे दुसऱ्या पायरीवर दिसले असतील तर शिखराची शक्यता बळावते. पहिलीवर दिसले असतील तर १२.५० ही वेळ फार उशिराची ठरते. म्हणजे सगळा वाद एका विशेषणावर येऊन ठेपतो, आणि नेमके हे विशेषणच ओडेलच्या लेखनात स्थिर नाही. रोजनिशीतील नोंद अगदी त्रोटक आहे. ते दोघे अंतिम मनोऱ्याच्या पायथ्याजवळ पोहोचत होते, इतकेच ती सांगते. वर्षभराने अधिकृत ग्रंथात लिहिताना तो म्हणतो की त्या वेळी आपल्याला ती वरची पायरी वाटली. पण आपण उभे होतो तेथून ती दिसते का, याविषयी आता थोडी शंका आहे. पुढील दीर्घ आयुष्यात (ओडेल १९८७ साली वारला) या शंकेचे पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकत राहिले.

पाठचिकित्सेचा साधा नियम असा की, प्रसंगाला सर्वांत जवळची नोंद जास्त विश्वसनीय मानावी आणि नंतरचे फरक का झाले ते शोधावे. येथे मात्र गंमत अशी की, पहिली नोंद जवळची असूनही संदिग्ध आहे आणि नंतरचा पाठ दूरचा असूनही अधिक सावध. शोधसाहित्यातील बहुतेक लेखक आपल्या सिद्धान्ताला सोयीचा पाठ उचलतात व दुसऱ्याला 'दबावाखाली दिलेली कबुली' किंवा 'वयाचा परिणाम' असे नाव देतात. ओडेलने अधिकृत ग्रंथात त्या दोघांनी शिखर गाठले असावे असा आपला विश्वासही नोंदवला आहे. साक्षीदारच निष्कर्ष काढू लागला की साक्ष आणि इच्छा यांच्यातली सीमारेषा पुसट होते. हा ओडेलवरचा आरोप नाही. तो दोन मित्रांबद्दल लिहीत होता आणि अहवालाच्या भाषेत शोक करण्याला त्या काळच्या ब्रिटिश गद्यात फारशी जागा नव्हती. पण पुढच्या अभ्यासकांना ही सवलत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्याच चढाईत ओडेलला खडकात जीवाश्म सापडले. एव्हरेस्टवरील हे पहिलेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी वावरणाऱ्या जिवांचे ठसे वाचणारे डोळे काही वेळाने दोन ठिपक्यांवर स्थिरावले. जीवाश्मांच्या बाबतीत त्याच्या निरीक्षणावर कोणी वाद घातला नाही.

दोन चिठ्ठ्या

७ जूनला मॅलरी व अर्विन चार भारवाहकांसह सहाव्या कॅम्पवर पोहोचले. भारवाहक परतले ते मॅलरीच्या दोन पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन. एक ओडेलसाठी : आपण होकायंत्र खालच्या तंबूत विसरलो, स्टोव्ह उतारावरून घरंगळून गेला, असा तिचा घरगुती मजकूर. दुसरी छायाचित्रकार जॉन नोएलसाठी : आम्हाला उद्या मनोऱ्याखालच्या खडकाळ पट्ट्यावर किंवा धारेवर पाहू लाग, आणि वेळ दिली आहे रात्री आठची. ती सकाळी आठची असणार हे उघड आहे. नोएलनेही ती तशीच घेतली आणि सर्व लेखक तशीच घेतात. हा शंभर टक्के लेखनप्रमाद आहे आणि त्याची दुरुस्ती सर्वमान्य आहे.

प्रश्न दुरुस्तीचा नाही, तिच्या परिणामांचा आहे. मॅलरी विसराळू होता याला त्याचे सहकारी ग्वाही देतात आणि या दोन चिठ्ठ्याही देतात. मग शवाजवळ सापडलेल्या व न सापडलेल्या वस्तूंवरून तर्क करताना हा स्वभाव हिशेबात का धरला जात नाही? १९३३ च्या मोहिमेला १९२४ च्या सहाव्या कॅम्पवर एक विजेरी मिळाली आणि नऊ वर्षांनंतरही ती पेटली. विजेरी मागे राहिली म्हणजे ते दोघे उजाडल्यावर निघाले, असा एक तर्क. ती नेहमीप्रमाणे विसरली, असा दुसरा. दोन्ही तर्क एकाच वस्तूतून निघतात; त्यांतला एक निवडण्याचे बळ त्या वस्तूत नाही.

सापडलेले आणि न सापडलेले

१९३३ सालीच पर्सी विन-हॅरिसला पहिल्या पायरीच्या अलीकडे, सुमारे ८,४६० मीटर उंचीवर, सपाट दगडांवर पडलेली आइस-अ‍ॅक्स मिळाली. १९२४ मध्ये धारेच्या या भागात त्या दोघांखेरीज कोणी आलेले नव्हते, त्यामुळे ती त्यांचीच. दांड्यावरील तीन आडव्या खाचांवरून ती पुढे अर्विनची मानली गेली. येथे घसरण झाली असे काही म्हणतात. खडकावर चढताना नकोशी झाली म्हणून ठेवून दिली असे इतर काही. त्यानंतर बराच काळ कोणताही ठोस अवशेष मिळाला नाही. १९७९ साली चिनी गिर्यारोहक वांग होंगबाओ याने आपला जपानी सहकारी हासेगावा याला सांगितले की १९७५ च्या मोहिमेत ८,१०० मीटरच्या आसपास आपण एका 'इंग्रजाचे' जुने प्रेत पाहिले. दोघांना समान भाषा नव्हती. दुसऱ्या दिवशी वांग हिमस्खलनात मरण पावला. ही साक्ष मौखिक, दुय्यम आणि पडताळता न येणारी. तरीही १९८६ सालच्या टॉम होल्झेल व ऑड्री सॉल्केल्ड यांच्या शोधमोहिमेपासून १९९९ पर्यंतचा सगळा शोध मुख्यतः तिच्याच आधारावर चालला. आणि येथे साधनचिकित्सकाने नम्र व्हावे, कारण ही दुबळी साक्ष मोलाची ठरली.

१ मे १९९९ रोजी अँकरला ८,१५५ मीटरवर, उत्तर भिंतीच्या उतारावर, पालथे पडलेले शव दिसले. उजवा पाय मोडलेला, कमरेभोवती दोराचे व्रण, हात वरच्या बाजूस पसरून उतार पकडलेले. शोधपथकाने ते अर्विनचे आहे असे गृहीत धरले. कुऱ्हाड अर्विनची, घसरला असेल तर तोच, असा हिशेब आधीच मांडलेला होता. मग शर्टच्या कॉलरवर शिवलेली नावपट्टी मिळाली. तिच्यावर मॅलरीचे नाव होते. आणि तरीसुद्धा पथकातील एकाने विचारले की अर्विनने मॅलरीचा शर्ट कशासाठी घातला असेल! दोन्ही ग्रंथ हा प्रसंग प्रामाणिकपणे सांगतात आणि त्यातील विनोद वाचकाशी वाटून घेतात. माझ्या मते मात्र संपूर्ण शोधसाहित्यातला हा सर्वांत शिकवणारा प्रसंग आहे. शब्द समोर शिवलेला असताना वाचणाऱ्याने तो आपल्या सिद्धान्ताला जुळवून घ्यावा, हे पोथ्यांच्या बाबतीत आपण अनेकदा पाहिले आहे. एम.ए.च्या वर्गात पाठनिश्चिती शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो. 'अवघड पाठ ग्राह्य' हे सूत्र मुलांच्या लक्षात राहत नाही, कॉलर राहते.

पुढे खिशातल्या वस्तूंचे वाचन सुरू होते. गॉगल खिशात होता, म्हणून अपघात सूर्यास्तानंतर झाला. म्हणून ते उशिरापर्यंत वर होते. म्हणून बरेच वर गेले होते. ही साखळी 'घोस्ट्स ऑफ एव्हरेस्ट'मध्ये मोठ्या कौशल्याने ओवलेली आहे, पण तिची पहिलीच कडी सैल आहे. हिमांधत्वाने नॉर्टनचे चार दिवसांपूर्वी काय झाले होते हे मॅलरीने पाहिले होते. त्याने गॉगलची दुसरी जोडी जवळ बाळगली असणे अगदी शक्य आहे. पत्नी रूथचे छायाचित्र शिखरावर ठेवण्याचा त्याचा मानस होता असे कुटुंबीयांच्या आठवणीत आहे. ते खिशात सापडले नाही, सबब ते शिखरावर ठेवले गेले, हा तर्क तर मौनप्रमाणाचा नमुनाच म्हणावा लागेल. जो माणूस होकायंत्र तंबूत विसरतो त्याच्या खिशातील अनुपस्थितीवर शिखर उभारता येत नाही. सॉमरवेलने त्याला दिलेला कोडॅकचा छोटा कॅमेराही मिळाला नाही. (हा सॉमरवेल पुढे त्रावणकोरमधील नेय्यूर येथे मिशनरी शल्यचिकित्सक म्हणून अनेक वर्षे राहिला.) फिल्म धुता येईल, असे तज्ज्ञांचे मत असल्याने साऱ्या आशा त्या न सापडलेल्या यंत्रावर खिळल्या आहेत.

याउलट एक अवशेष फार थोडे बोलतो आणि म्हणूनच विश्वसनीय वाटतो. १९२४ च्या बनावटीचे प्राणवायूचे एक रिकामे सिलिंडर पहिल्या पायरीच्या अलीकडे मिळाले. ते दोघे प्राणवायू वापरीत धारेवर किमान तेथपर्यंत आले होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. याहून अधिक कोणतीही वस्तू आजवर सिद्ध करू शकलेली नाही.

या दोन ग्रंथांची तुलना करायची तर 'घोस्ट्स'मध्ये कागदपत्रांची समृद्धी अधिक आहे. हेम्लेबने जुन्या छायाचित्रांवरून चिनी कॅम्पची जागा निश्चित करण्यात दाखवलेली चिकाटी खऱ्या संशोधकाची आहे. परंतु शेवटच्या दिवसाची पुनर्रचना करताना 'असेल' चे 'होते' केव्हा झाले हे वाचकाला कळत नाही. 'द लॉस्ट एक्स्प्लोरर' दोन आवाजांत आळीपाळीने चालतो; रॉबर्ट्स इतिहास सांगतो, अँकर स्वतःची चढाई. अँकरने दुसरी पायरी चढून पाहिली. १९७५ साली चिनी गिर्यारोहकांनी तेथे बसवलेल्या शिडीचा पूर्ण त्याग त्याला करता आला नाही, एका पायरीवर पाऊल टेकलेच, आणि ते त्याने लपवले नाही. मॅलरीला हा कडा चढता आला नसावा असा त्याचा कौल. पुढे २००७ मध्ये शिडी काढून लिओ हूल्डिंगसह त्याने तो पुन्हा चढला आणि आपले मत बरेच सौम्य केले. आपल्या निष्कर्षाची आपणच फेरतपासणी करणारा लेखक या दालनात विरळा, म्हणून हा ग्रंथ मला अधिक भरवशाचा वाटतो.

दुसऱ्या पायरीच्या संदर्भात १९६० च्या चिनी मोहिमेचा विचार टाळता येत नाही. वांग फुझोउ, गोंबू आणि छू यिनहुआ हे २५ मे १९६० रोजी याच मार्गाने पहाटेच्या अंधारात शिखरावर पोहोचले. छायाचित्र नाही, म्हणून पाश्चात्त्य जगाने कित्येक वर्षे हा दावा संशयास्पद मानला. तो कडा चढण्यासाठी छू यिनहुआने बूट काढले होते आणि त्यापायी पायाची बोटे गमावली. त्याचे पाय हा पुरावा पुरेसा ठरला नाही. परत आलेल्यांकडे छायाचित्र नाही म्हणून अविश्वास, आणि न परतलेल्यांचे छायाचित्र कुठेतरी बर्फात असेल म्हणून विश्वास, ही दोन मापे एकाच वाङ्मयात शेजारी शेजारी नांदतात.

कोणाचे अवशेष

१९९९ च्या शोधाच्या दिवशी मॅलरीपाशी पोहोचण्याआधी अँकरला वाटेत इतर शवे भेटली. त्यांचे कपडे रंगीत व आधुनिक होते, म्हणून ती 'ही नव्हेत' असे ठरले. या शोधाचा हेतू लक्षात घेता हे स्वाभाविकच आहे. पण वाचक म्हणून आपण तेथे थांबले पाहिजे. कापडाचे युग पाहून एक मृतदेह इतिहास ठरतो आणि दुसरा अडथळा. मॅलरीवर दगड रचून, बायबलमधील स्तोत्र म्हणून त्याला निरोप देण्यात आला. त्याच्या शवाची छायाचित्रे वृत्तपत्रांना विकली गेली तेव्हा हिलरी आणि बॉनिंग्टन यांच्यासारख्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या, कारण तो कोण आहे हे ठाऊक होते.

७ जून १९२२ रोजी, म्हणजे दुसऱ्या ब्रिटिश मोहिमेत, नॉर्थ कोलच्या उतारावर हिमस्खलन होऊन सात भारवाहक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी वर जाण्याचा निर्णय घेणाऱ्यांत मॅलरी होता आणि त्याची खंत त्याला शेवटपर्यंत होती. १९२४ साली दोन भारतीय-नेपाळी सहकारी, गुरखा पलटणीतील शमशेरपुन आणि चांभारकाम करणारा मनबहादूर, यांचाही मृत्यू झाला. ३ जूनला नोर्बू यिशे, ल्हाक्पा छेदे आणि सेमचुंबी यांनी नॉर्टन व सॉमरवेल यांच्यासोबत ओझी वाहून सहावा कॅम्प उभा केला, आणि त्याच तंबूतून मॅलरी निघाला. नॉर्टनने त्यांची नावे ग्रंथात नोंदवली, हे त्याचे श्रेय. पण पुढील शोधसाहित्यात हे लोक 'पोर्टर' या एका शब्दात विरघळतात. मॅलरीच्या चिठ्ठ्या खाली आणणाऱ्या चौघांशी तो शेवटी काय बोलला, त्याची मनःस्थिती कशी दिसली, हे त्यांना तपशिलाने विचारून कोणी लिहून ठेवल्याचे मला या ग्रंथांत आढळत नाही. ओडेलच्या ठिपक्यांवर शेकडो पाने खर्च झाली. त्या दोघांना त्यांच्या अखेरच्या मुक्कामी पाहणारे चार साक्षीदार मात्र निःशब्द राहिले. शोधसाहित्यातील ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव होय, आणि ती आता भरून येणार नाही.

भारतीय वाचकाला हा मुद्दा आणखी एका ठिकाणी बोचतो. १० मे १९९६ रोजी इंडो-तिबेटन सीमा पोलीस दलाच्या मोहिमेतील त्सेवांग समनला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरूप हे तिघे याच ईशान्य धारेवर वादळात सापडून मरण पावले. मार्गावरील एका कपारीत राहिलेले एक शव, बहुधा पालजोरचे, पुढे कित्येक वर्षे 'ग्रीन बूट्स' या नावाने ओळखले गेले. चढणारे त्या हिरव्या बुटांवरून आपण कुठवर आलो हे मोजत. नाव असलेल्या माणसाचे पादत्राण उरले आणि नाव गेले.

सप्टेंबर २०२४ मध्ये जिमी चिन आणि त्याच्या सहकाऱ्यांना मध्य रोंगबुक हिमनदीवर एक जुना, खिळे मारलेला बूट मिळाला. आत पाऊल होते आणि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर अर्विनचे नाव. महिन्याभरात ही बातमी जगभर गेली. कुटुंबीयांनी डीएनए तपासणीसाठी नमुना देऊ केला. शंभर वर्षांनी एका घरातला मुलगा सापडला; यात आनंद मानण्याजोगे पुष्कळ आहे. शोधाच्या दृष्टीने मात्र या पावलाने प्रश्न अधिक अवघड केला. शव धारेजवळ कुठे तरी बर्फात जसेच्या तसे असेल, या कल्पनेवर कॅमेऱ्याचा शोध चालला होता. पाऊल हिमनदीवर खाली मिळाले म्हणजे हिमस्खलनांनी आणि बर्फाच्या वाहण्याने शवाला वरून खाली आणले. कॅमेरा असलाच तर त्याचाही प्रवास असाच झाला असणार.

१९२४ ची मोहीम परतण्यापूर्वी तिच्या सदस्यांनी रोंगबुकच्या तळावर दगडांचा एक स्मारकस्तंभ रचला आणि त्यावर १९२१, १९२२ आणि १९२४ या तिन्ही मोहिमांतील मृतांची नावे कोरली. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. १९२१ सालचा केलास, १९२२ चे सात भारवाहक, मॅलरी, अर्विन, शमशेरपुन, मनबहादूर अशी एकूण बारा माणसे. या बारांपैकी ज्यांच्या शोधासाठी पुढे मोहिमा निघाल्या ते दोघेच. उरलेल्या दहांपैकी हिमाखाली गाडले गेलेले सातजण नॉर्थ कोलच्या ज्या उतारावर गेले, त्याच बाजूने वर चढून पुढील सर्व शोधमोहिमा मॅलरीकडे गेल्या.